बारावा प्रश्न

॥ श्री ॥

टेंभापूर, तालुका चिखली
रविवार, १ डिसेंबर १९६३

तीर्थस्वरूप सौ. अक्कास,
जानरावाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

दसऱ्यापासून तुझी दोन पत्रे आली आणि दोन्हींना माझे उत्तर गेले नाही. दिवाळीला कोकिळा तुझ्याकडे आली, तिच्या हातीही मी चार ओळी दिल्या नाहीत. क्षमा कर. कामाचे निमित्त सांगता येईल, पण ते खरे नाही. सांगण्यासारखे चांगले काही नव्हते आणि वाईट सांगायची लाज वाटत होती.

मागच्या साली शाळेत एक पाहुणे आले होते. त्यांनी सातवीतल्या एका मुलाला नाव विचारले. त्याने आधी माझ्याकडे पाहिले, सांगू का म्हणून. स्वतःचे नाव! ती नजर माझ्या मनातून जात नाही. घरी आल्यावर रोजनिशीत लिहिले की सात वर्षे शिकवून आपण या मुलाला परवानगी मागणेच तेवढे शिकवले. म्हणून या वर्षी पाचवी ते सातवीच्या मुलांचे मंत्रिमंडळ केले. चिठ्ठ्या टाकून निवडणूक झाली. कचरू मुख्यमंत्री झाला. दयाराम कृषिमंत्री झाला. हा आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष गुलाबराव यांचा पुतण्या. दर शनिवारी सभा भरते. मुलांनी उठून प्रश्न विचारायचे, मंत्र्यांनी उत्तर द्यायचे, अशी रीत घातली.

तीन महिने झाले, अक्का, कोणी उठत नाही. मी म्हणतो विचारा, काहीही विचारा, चुकले तर चुकू द्या. चाळीस पोरे सतरंजीचे दोरे उपटत बसतात. पहिल्या सभेत बराच वेळ वाट पाहिल्यावर मुख्यमंत्रीच उभे राहिले. माझा जीव हरखला. तर त्यांनी विचारले, गुरुजी, लघवीले जाऊ का? सत्यभामेला हे सांगितले, ती हसून हसून चुलीपुढून उठून गेली. मला हसू आले नाही.

आता २१ तारखेला तालुक्याहून शिक्षण विस्तार अधिकारी शाळा पाहायला येणार आहेत. मंत्रिमंडळाची बातमी त्यांच्यापर्यंत गेली आहे आणि त्यांना सभा पाहायची आहे. मी काय केले ते तुला सांगून टाकतो. बारा प्रश्न स्वतः लिहिले, बारा चिठ्ठ्या बारा मुलांना दिल्या आणि उत्तरे मंत्र्यांकडून पाठ करून घेतो आहे. काकडीच्या वेलाला आधी काठी लागतेच, असे मनाला सांगतो. पण मनाला वारंवार सांगावे लागते, यावरूनच काय ते समज.

बारावी चिठ्ठी कोकिळेला दिली आहे. खताचे खड्डे किती झाले, एवढेच दयारामला विचारायचे आहे. तिकडे वर्गात एकटी मुलगी, तोंड उघडत नाही, म्हणून तू तिला माझ्याकडे धाडली. इथे सात मुली आहेत तरी ती तशीच गप्प. घरात मात्र मामीशी भरभर बोलते. त्या एका वाक्याने तरी तिची भीड मोडेल अशी आशा आहे.

दाजींना नमस्कार. माझा आळस पोटात घाल, माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
जानराव

———

पिंपळगाव राजा
८ डिसेंबर ६३

चिरंजीव जानरावास अन्नपूर्णाचे अनेक आशीर्वाद.

तुह्यं पत्र पोचलं. मास्तर झाला, बी. ए. झाला, पण बहिणीले पत्र लिहाले तुले दोन महिने लागते. मी चौथी शिकली, मले एक सांज लागते. आता कोन शिकलं ते तूच ठरव.

मुख्यमंत्र्याचं वाचून तुह्ये दाजी इतके हसले का त्यायले ठसका लागला. म्हणे आमच्या ग्रामपंचायतीत बी मेंबर लोक एवढंच इचारते, तुह्या भावाले सांग नाराज होऊ नको.

पण चिठ्ठ्याचं काही मले पटलं नाही बापू. लगनात नव्या नवरीले दुसऱ्याचा उखाणा पाठ करून देते, तसं झालं हे. ती घेते नाव अन् बाया म्हणते वा वा. पण मंग तिनं खरंच आपल्या मनानं काही जोडलं, तरी बाया म्हणते हे बी नणदेनंच शिकवलं असीन. तू शहाणा हायेस, पाह्य.

अजून एक. दिवाळीत पोट्टी आली तं तिची बोटं पाह्यली. नखापाशी सारी सोललेली. बोंडाच्या टोकानं होते तशी. मी म्हटलं मामानं कपाशी पेरली का? तं म्हणे नाही, शुक्रवारी श्रमदान राह्यते. कोनाच्या वावरात ते काही तिनं सांगतलं नाही. वेचणीचं मले काही नाही, आमच्या घरी बी वेचतेच ती. पण तुह्यापाशी तिले बोलणं शिकाले पाठवलं होतं, म्हणून इचारलं. मले कळवजो.

सत्यभामाले सांगजो, तिळाचे लाडू संक्रांतीले देईन, आता नाही.

राग धरू नको, अन् धरलाच तं पत्र लिहून धर.

तुही,
अक्का

———

टेंभापूर
२२ डिसेंबर १९६३

तीर्थस्वरूप आईस,
कोकिळाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. मामी चांगली आहे. हे पत्र मी आपल्या मनाने लिहीत आहे, मामाला दाखवलं नाही.

काल साहेब आले होते. सभा झाली. सर्वांनी चिठ्ठीतले प्रश्न विचारले. माझा नंबर बारावा होता. मी उभी राहिली तेव्हा माझ्या मनात आलं की खड्डे तर साहेबांना दिसूनच राह्यले आहेत, ते काय विचारायचं. मी दयारामला विचारलं की श्रमदान म्हणजे साऱ्या गावाचं काम, तर मग गुलाबराव काकांच्या वावरातली कपाशी आपण दर शुक्रवारी वेचतो ते कोणत्या खात्यात येते?

दयारामनं पाठ केलेलंच उत्तर म्हटलं. म्हणे दोन खड्डे पूर्ण झाले असून तिसऱ्याचे काम उत्साहाने चालू आहे. सारे हसले. साहेब पण हसले. मी म्हटलं मी खड्ड्याचं नाही, कपाशीचं विचारलं. गुलाबराव काका पुढच्या खुर्चीवर होते. तेव्हा मामा म्हणाले, कोकिळा, बस खाली. जोरानं म्हणाले.

मी बसली.

आई, मले त्याचं तेवढं नाही. आता सारे म्हणतात तुले हे मामानं लिहून दिलं होतं. कचरू म्हणतो, तुह्या चिठ्ठीत भारी प्रश्न आला, आमाले काऊन नाही दिला. मी म्हणते माझा होता, तं म्हणतात जाय वं, बाराच्या बारा गुरुजीचे होते. मामाच्या समोर पण म्हणाले. मामा तसेच घरात गेले.

बाबांना पाठव. मी तिकडेच शिकीन. तिकडे बोलावं लागत नाही.

तुझी,
कोकिळा

———

पिंपळगाव राजा
२५ डिसेंबर

चि. जानरावास आशीर्वाद.

पोट्टीचं पत्र आलं, ते याच्यासोबत तुले धाडून राह्यली. वाच अन् तिले परत दे, लपवू नको.

तुह्ये दाजी बैल जुंपाले निघाले होते, मी थांबवलं. म्हटलं भाऊ काय म्हणते ते आधी आयकू.

तू साहेबाच्या समोर बस म्हटलं, ते मी समजू शकते. माणूस घाबरते. पण लोक म्हणते प्रश्न तुहा होता, अन् तू गप? बारा वर्साच्या पोरीची एकच वस्तू तिची होती, ते बी तू घेतली का रे?

कपाशीचं मी इचारलं होतं, त्याचं बी उत्तर नाही आलं.

अक्का

———

टेंभापूर
रविवार, २९ डिसेंबर १९६३

तीर्थस्वरूप सौ. अक्कास,
जानरावाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र काल मिळाले. कोकिळेचे पत्र तिला परत दिले, वाचले हेही सांगितले. तिने ते घेतले आणि पाटीखाली ठेवले.

आधी कपाशीचे सांगतो. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या छपरावर पत्र्याच्या टिना चढल्या त्या गुलाबरावांमुळे. जागाही त्यांचीच. तेव्हापासून वेचणीच्या दिवसांत मुले शुक्रवारी दुपारी त्यांच्या वावरात जातात. हजेरीपटात त्या तासाला मी श्रमदान लिहितो. त्या शब्दाकडे पाहून मला कधीच बरे वाटले नाही, तरी दर शुक्रवारी तो नीट अक्षरात लिहिला. तू विचारलेस तेव्हाच कळवायला हवे होते. दोनदा कागद घेतला आणि ठेवून दिला.

आता त्या दिवसाचे. मी तिला बस म्हटले ते गुलाबरावांच्या भीतीने, हे खरे, पण अर्धेच. त्या क्षणी मनात आले की लोक म्हणतील, मास्तरला स्वतःला बोलायची छाती नाही म्हणून भाचीच्या तोंडून बोलवले. मी स्वतःला निर्दोष ठेवायला धडपडत होतो, अक्का, आणि ते करताना मूल समोर उभे आहे हे विसरलो. चार महिने उठा उठा म्हणून ओरडणारा मी. एक उठली आणि तिला मीच बसवले.

यापुढचे लिहायला जास्त जड जाते. साहेब जीपमध्ये बसताना हसून म्हणाले की शेवटचा प्रश्न तुम्ही छान घातला होता, पण जरा तिखट झाला, मास्तर, सांभाळून. मी हसलो. तो माझा नव्हता असे म्हणालो नाही. म्हणालो असतो तर त्यांनी लगेच विचारले असते, मग बाकीचे कोणाचे? कचरू आणि मुले अंगणात कोकिळेला चिडवत होती, तेव्हाही मी याच कारणाने घरात गेलो. अकरा खोटे प्रश्न झाकायचे होते, त्यांच्यापायी एक खरा गेला. तू उखाण्याचे लिहिले होतेस. मी ते वाचून हसलो होतो आणि पुढच्या कामाला लागलो होतो.

मी अगदीच काही केले नाही असे नाही. शुक्रवारच्या तासाला आता चित्रकला लावली आहे. वेचणी बंद. वेळापत्रकात मुकाट्याने बदल केला, त्याचे कारण कोणालाच सांगितले नाही. मला वाटले, तिच्या प्रश्नाचा निकाल लागला. कोकिळेला जवळ बसवून हे समजावले. घटकाभर बोललो असेन. ती हो मामा, हो मामा म्हणत राहिली. शेवटी विचारले, समजले ना? ती म्हणाली, हो. आणि मामीला पाणी द्यायला उठून गेली.

कालच्या सभेत पुन्हा कोणी उठले नाही. मी चिठ्ठ्या दिल्या नव्हत्या. कचरूने नंतर हळूच विचारले, गुरुजी, या खेपेले प्रश्न दिले नाही का? इतका राग आला की खडूच मोडला. राग त्याचा नव्हता. त्याने तर जे मी शिकवले तेच विचारले.

गुलाबराव आठवडाभर शाळेकडे फिरकले नाहीत. शाळेच्या दुसऱ्या खोलीच्या बांधकामाला ते दगड देणार होते. आता काय होईल सांगता येत नाही.

दाजींना म्हणावे, मी अपराधी आहे, पण इतक्यात बैल जुंपू नका.

जानराव

———

पिंपळगाव राजा
३ जानेवारी १९६४

चि. जानरावास अनेक आशीर्वाद.

चार पानं लिहिली तुनं. दाजीयले वाचून दाखवली. ते म्हणे, तुहा भाऊ माफी मागते तेव्हा बी परीक्षेचा पेपर लिहून राह्यल्यासारखा मागते. मी म्हटलं तो लहानपणापासून असाच हाये. शेजारच्या चिंचा चोरल्या होत्या तं मायले येऊन सांगे का किती होत्या, कोन्या फांदीच्या होत्या. ज्याच्या होत्या त्याले मात्र कधी नाही सांगतलं.

आताबी तेच करून राह्यला तू. मले सांगतलं, रोजनिशीले सांगतलं असीन, पोट्टीले खोलीत बसवून सांगतलं. ज्यायच्या समोर तिले बसवलं त्यायले काऊन नाही सांगत? अन् चित्रकला लावली म्हणे! तिनं चित्रं मागतली होती का? तिनं इचारलं होतं. इचारलं तं उत्तर द्या लागते, वेळापत्रक नाही.

गुलाबरावाचं तू इतकं भेव घेतलं, पण एकदा त्याच्या घरी जाऊन बसला का? का भेव बी आपल्या मनानंच लिहून घेतलं?

संक्रांतीले दाजी तिले घ्याले येतीन. सणाले घरी आणणारच होतो. ती दप्तर घेऊन येईन का दप्तर तुह्याघरी ठेवून येईन, तेवढं तुह्या हाती हाये. मी तिले जबरदस्ती करणार नाही, अन् तू बी करू नको.

सत्यभामाले तिळाचं सांगजो, इसरली नाही मी.

रागावते ते आपला समजून. परका असता तं पोस्टाचं तिकीट कायले खर्च केलं असतं?

अक्का

———

टेंभापूर
शुक्रवार, १० जानेवारी १९६४

तीर्थस्वरूप सौ. अक्कास,
जानरावाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा गुलाबरावांकडे गेलो. भिंतीशी ऊन खात बसले होते. बाज सरकवून दिली, चहा आला, पण माझ्याकडे पाहीनात. मी म्हटले, त्या दिवशीचा प्रश्न मी लिहून दिला नव्हता. ते म्हणाले, मास्तर, मले शिकवू नका, बारा वर्साची पोरगी आपल्या मनानं असं इचारते का? तेव्हा मला बाकीचे सांगावेच लागले. अकरा माझे होते, उत्तरेही माझीच होती आणि दयारामने जे खड्ड्याचे म्हटले तेही माझेच वाक्य, उत्साहाने या शब्दासकट. त्यांनी कपबशी खाली ठेवली. मग एवढे मोठ्याने हसले की आतून त्यांच्या घरच्या आशाबाई बाहेर येऊन पाहू लागल्या. म्हणाले, म्हणून आमचा दया दोन दिवस तेच बरळत होता!

हसणे थांबल्यावर मात्र त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिले. म्हणाले, मंग ती खरंच आपल्या मनानं बोलली, तं तिले बसवलं काऊन? मी उठून सांगतलं असतं. अन् सांगतो ते आयका, मास्तर, पोरं मी मागतली होती का? टिना चढल्या त्या दिवशी माह्या गळ्यात हार टाकता टाकता तुम्हीच बोलले, का आता शाळेची पोरं तुमच्या वावराले हात लावतीन. चार माणसांत मी नाही म्हटलं असतं तं तुमचा पाणउतारा झाला असता.

अक्का, हे खरे आहे. घरी येऊन त्या दिवसाची रोजनिशी काढली. पानभर समारंभाचे वर्णन आहे. पाहुण्यांची नावे, हारांची फुले, सारे आहे. हे वाक्य तेवढे नाही. मी ते बोललो आणि त्याच सायंकाळी लिहिताना गाळले. मला वाटत होते मी रोजनिशीत काही लपवत नाही. दोन वर्षे एका माणसाला मनात जुलमी ठरवून त्याची भीती बाळगली, आणि मुलांना त्याच्या वावरात पाठवणारा मीच निघालो. कोणत्या खात्यात येते, असे तिने विचारले होते. माझ्या खात्यात येते.

दगडाचे बोलणे त्यांनी काढले नाही. मीही काढले नाही. निघताना ते उठून दारापर्यंत आले नाहीत. पूर्वी यायचे.

विस्तार अधिकाऱ्यांना सारे लिहून ते पत्र आज टपालात टाकले. त्यांचा काय शेरा येईल तो येवो. खरे सांगायचे तर पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन एकदा परत फिरलो होतो. मोठे काही केले असे मुळीच वाटत नाही. तीन आठवडे उशिरा केलेले काम आहे.

मग कोकिळेला म्हटले की उद्याच्या सभेत तू तोच प्रश्न पुन्हा विचार, मी सगळ्यांसमोर उत्तर देतो. मला वाटले ती खूश होईल. ती वांगी चिरत होती. खाली पाहूनच म्हणाली, मी तं इचारला, मामा. आता पाळी माही नाही.

सत्यभामा माझ्याकडे पाहून हसली. पण थोड्या वेळाने लक्षात आले की या घरात ती मला प्रथमच नाही म्हणाली होती. आणि तसे म्हणताना तिने माझ्या तोंडाकडे पाहिले नव्हते, परवानगीसाठी तर नाहीच. मी चार महिने सभेत जे शोधत होतो ते इथे वांगी चिरत बसले होते, आणि त्यातही मी तिला एक प्रश्न लिहून द्यायलाच गेलो होतो.

दप्तराचे मी तिला विचारलेले नाही. विचारणारही नाही. दाजी सोमवारी येतील तेव्हा ती जे करील ते तुम्हा दोघांना दिसेलच. मला उद्याची फार धास्ती वाटते. पोरे हसतील याची नाही. हसली नाहीत, नेहमीसारखी सतरंजीचे दोरेच उपटत राहिली तर काय, याची.

माझ्यावर रागावत जा, अक्का. तुझा राग आहे तोवर मी अगदीच वाया गेलो नाही असे समजेन. दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
जानराव

ता. क. उद्याचे काम रोज रोजनिशीच्या तळाशी लिहितो. आज तिथे न लिहिता तुझ्याकडे लिहून ठेवतो.

उद्या, शनिवार: सभा सुरू होताच मुलांच्या रांगेत उभे राहून सांगणे, की बारा प्रश्नांपैकी अकरा माझे होते आणि बारावा कोकिळेचा.